उठलेली प्रेते आणि भांडणारी माणसे

श्रोतेहो, भुताखेतांच्या गोष्टींना आपल्याकडे कधी तोटा पडला नाही. गावाच्या वेशीबाहेर वेताळ असतो, पिंपळावर मुंजा असतो, ओढ्याकाठी हडळ असते, पडक्या वाड्यात समंध असतो. कोकणात उतरलात तर देवचारापासून गिऱ्ह्यापर्यंत सगळी मंडळी भेटतात. पण या भुतांना एक शिस्त असते, बरं का! हडळीचे पाय उलटे असतात. समंधाचा जीव पुरलेल्या ठेव्यात अडकलेला असतो. प्रत्येकाला नाव आहे, ठरलेली जागा आहे आणि काही ना काही मागणे आहे. मागणे आहे म्हणून त्यावर तोडही आहे. नारळ द्या, उतारा टाका, राहिलेले कार्य उरकून घ्या, की भूत आपल्या वाटेला लागते.

आज ज्या भुतांची हकीगत सांगायची आहे, त्यांना मात्र नाव नाही, मागणे नाही आणि त्यांच्यावर मंत्रतंत्रही चालत नाही. अमेरिकेतील पिट्सबर्ग शहरातल्या काही तरुणांनी १९६७ साली ही भुते उभी केली आणि १९६८ साली पडद्यावर आणली. त्या बोलपटाचे नाव ‘नाइट ऑफ द लिव्हिंग डेड’, म्हणजे ‘जिवंत प्रेतांची रात्र’. आज जगभर, आणि आपल्या मराठीतही, ‘झाँबी’ म्हणून जी चालती प्रेते पडद्यावर दिसतात, ती सारी या एका बोलपटाच्या पोटातून निघालेली आहेत. गंमत अशी की, या बोलपटात ‘झाँबी’ हा शब्द एकदाही येत नाही!

मग हा शब्द आला कुठून? त्यासाठी थोडे मागे जायला हवे. कॅरिबियन समुद्रात हैती नावाचा देश आहे. अठराव्या शतकात ती फ्रेंचांची वसाहत होती. तेथे उसाचे मोठमोठे मळे होते आणि त्या मळ्यांत आफ्रिकेतून धरून आणलेले लक्षावधी गुलाम राबत होते. आपल्याकडचा शेतकरी उसाचे कष्ट जाणतो. पण त्या कष्टाला मजुरी नाही, सुटी नाही, घर नाही, पाठीवर चाबूक मात्र आहे, असे चित्र डोळ्यांपुढे आणा. १७९१ साली या गुलामांनी उठाव केला आणि १८०४ साली हैती स्वतंत्र झाली. गुलामी गेली, पण तिची धास्ती लोकांच्या मनात राहिली. तेथील लोकसमजुतीतला ‘झाँबी’ म्हणजे मांत्रिकाने थडग्यातून उठविलेले आणि आपल्या शेतात राबायला लावलेले प्रेत. त्याला स्वतःची इच्छा नाही, वाचा नाही. तो कुणाला खात नाही, तो फक्त राबतो. मेल्यावर तरी सुटका होईल ही गुलामाची शेवटची आशा. ती आशासुद्धा जिथे हिरावली जाते, त्या भयाचे नाव झाँबी!

१९१५ ते १९३४ या काळात हैतीवर अमेरिकी फौजांचा ताबा होता. त्या दिवसांत या समजुतींच्या कथा अमेरिकेत पोहोचल्या. विल्यम सीब्रूक या प्रवासी लेखकाचे हैतीविषयीचे पुस्तक १९२९ साली निघाले आणि १९३२ साली ‘व्हाइट झाँबी’ हा बोलपट आला. त्यात झाँबी उसाच्या घाण्यावर मुकाट्याने काम करताना दाखविले आहेत. पुढे तीसपस्तीस वर्षे पडद्यावरचा झाँबी असाच होता. त्याच्यामागे कुणीतरी मांत्रिक, कुणीतरी धनी असायचाच. धन्याला मारले की संकट टळले!

आता आपण पिट्सबर्गकडे वळू. पिट्सबर्ग म्हणजे पोलादाच्या भट्ट्यांचे शहर. चित्रपटधंद्याची राजधानी हॉलिवूड तेथून हजारो मैल दूर. जॉर्ज रोमेरो हा १९४० साली न्यूयॉर्कमध्ये जन्मलेला तरुण तेथे शिकायला आला आणि तेथेच राहिला. मित्रांना घेऊन त्याने ‘द लेटंट इमेज’ नावाची छोटी संस्था काढली. ही मंडळी जाहिरातींचे आणि कारखान्यांच्या माहितीचे लघुपट करीत. मुलांच्या एका टेलिव्हिजन कार्यक्रमासाठीही त्यांनी छोटे छोटे बोधपट केले. पोट भरत होते, पण मनात मोठा बोलपट करायची हौस होती. पैसा मात्र नव्हता.

मग त्यांनी काय केले? आपण गावात उत्सवाला वर्गणी काढतो, तेच! दहा जण जमले, प्रत्येकाने सहाशे डॉलर घातले आणि ‘इमेज टेन’ नावाची संस्था उभी राहिली. सहा हजारांत बोलपट होत नाही. तेव्हा ओळखीपाळखीच्या लोकांना गळ घालून आणखी पैसे उभे केले. सगळा मिळून खर्च झाला सुमारे एक लाख चौदा हजार डॉलर. ही रक्कम ऐकायला मोठी वाटते. पण त्याच १९६८ साली आलेल्या ‘२००१: अ स्पेस ओडिसी’ या अंतराळावरच्या बोलपटाला एक कोट डॉलरहून अधिक खर्च आला होता. म्हणजे तेवढ्या पैशांत रोमेरोचे ऐंशीहून अधिक बोलपट झाले असते.

पैसा कमी असला म्हणजे माणूस युक्तीने वागतो. चित्रण पिट्सबर्गच्या उत्तरेला इव्हान्स सिटी या छोट्या गावाच्या परिसरात झाले. पाडायला काढलेले एक शेतघर त्यांना मिळाले. घर पडणारच होते, त्यामुळे दारे फोडा, खिडक्या तोडा, कुणाची ना नव्हती. त्या घरात नळाचे पाणीसुद्धा नव्हते. तळघर चित्रणाच्या कामाचे नव्हते, म्हणून तळघरातले प्रसंग शहरातल्या त्यांच्या कचेरीच्या तळघरात घेतले. रंगीत फिल्म महाग, म्हणून काळी-पांढरी वापरली. मग रक्त लालच असले पाहिजे असे कुठे आहे? चॉकलेटचा पाक रक्त म्हणून चालून गेला. काम करणाऱ्या नटांपैकी एकाची मटणाची दुकाने होती. प्रेते जे मांस खाताना दिसतात, ते त्याच्याकडून आले. कार्ल हार्डमन आणि मॅरिलिन ईस्टमन या दोघांनी पडद्यावर नवराबायकोचे काम तर केलेच, शिवाय रंगभूषा आणि ध्वनी यांचीही बाजू सांभाळली. आणि हार्डमनच्या खऱ्या मुलीने पडद्यावर त्यांच्या मुलीचे काम केले. निर्माता रसेल स्ट्रायनर स्वतः नायिकेचा भाऊ झाला. संगीतसुद्धा तयार ध्वनिमुद्रणांच्या संग्रहातून निवडून घेतलेले. प्रेते म्हणून चालली ती गावातली आणि ओळखीची माणसे. गावच्या नाटकात जसा तालमीचा मास्तरच वेळ पडली तर पडदा ओढतो, तसाच हा सगळा कारभार!

आता कथा थोडक्यात सांगतो. बार्बरा आणि जॉनी ही बहीणभावंडे बापाच्या थडग्यावर फुलांचे चक्र ठेवायला दूरवरून मोटारीने आली आहेत. भाऊ कुरकुरतो, बहिणीची थट्टा करतो. समोरून एक उंच माणूस लटपटत येतो. भावंडांना वाटते, असेल कुणीतरी. तो बार्बरावर झडप घालतो. झटापटीत जॉनीचे डोके थडग्याच्या दगडावर आपटते आणि तो मरतो. बार्बरा पळत सुटते आणि एका एकाकी शेतघराचा आसरा घेते. तेथे बेन नावाचा तरुण येतो. फळ्या ठोकून तो दारेखिडक्या बंद करू लागतो. मग कळते की, तळघरात आणखी माणसे आहेत: हॅरी कूपर, त्याची बायको, त्यांची जखमी मुलगी आणि एक तरुण जोडपे. आत सात माणसे, बाहेर वाढत जाणारी प्रेते आणि मध्ये फळ्या. बोलपट म्हणजे एवढेच.

या घरात एक रेडिओ आहे, आणि आपण नभोवाणीवरच बोलत असल्यामुळे त्याच्याविषयी दोन शब्द बोलले पाहिजेत. रेडिओ आधी सांगतो, घराबाहेर पडू नका. पुढे टेलिव्हिजन सांगतो, घरात थांबू नका, मदत केंद्राकडे जा. शुक्राकडून परतणाऱ्या एका यानाच्या किरणोत्सर्गाने हे घडले असावे, असे शास्त्रज्ञ म्हणतो. त्याच्या शेजारी उभा असलेला लष्करी अधिकारी ते उडवून लावतो. राजधानीत अधिकाऱ्यांचे एकमत नाही आणि इकडे घरात सात माणसांचे एकमत नाही. संकटात लोकांना खरी आणि एका तोंडाने दिलेली बातमी किती मोलाची असते, हे महापूर, भूकंप आणि अलीकडची २०२० सालची साथ पाहिलेल्या आपल्या लोकांना वेगळे सांगायला नको.

घरातले भांडण कशावरून? कूपर म्हणतो, सगळ्यांनी तळघरात जाऊन दार लावून घ्यावे. बेन म्हणतो, तळघर म्हणजे सापळा. वर राहू, म्हणजे पळायला वाट राहील. कूपर भित्रा आहे, हेकट आहे, आपल्या बायकामुलांपलीकडे त्याला काही दिसत नाही. बेन धीट आहे, हुशार आहे, सगळ्यांचा विचार करणारा आहे. प्रेक्षकाचे मन साहजिकच बेनच्या बाजूला जाते. पण पुढे काय घडते पाहा. पंपावरून पेट्रोल आणायच्या बेनच्या बेतात ते तरुण जोडपे जळून मरते. बेन धावत परत येतो, तर कूपर भीतीने त्याला दार उघडत नाही. दोघांची मारामारी होते. पुढे बंदुकीवरून झोंबाझोंबी होते आणि बेन कूपरला गोळी घालतो. जखमी मुलगी मरते आणि प्रेत होऊन उठते. ती बापाला खाते आणि आईला खुरप्याने मारते. बार्बराला ओढून न्यायला येते ते तिच्याच भावाचे प्रेत. आणि शेवटी एकटा उरलेला बेन कुठे जीव वाचवतो? त्याच तळघरात!

शिक्षक मंडळींनी या ठिकाणी जरा थांबून विचार करावा. ज्याचा आपल्याला राग येतो त्या माणसाचे म्हणणे बरोबर ठरले आणि ज्याच्यावर आपली भिस्त होती त्याचा बेत फसला. मग कूपर थोर आणि बेन मूर्ख काय? तसे नाही. वर राहून सगळे एकदिलाने लढले असते, तरी वाचण्याची आशा होती; खाली जाऊन एकदिलाने बसले असते, तरी होती. सगळे मेले ते प्रेतांमुळे नव्हे, बेतामुळेही नव्हे, दुहीमुळे मेले. प्रेते तर मंद चालतात. एकेकट्या प्रेताला धट्टाकट्टा माणूस सहज चुकवू शकतो. त्यांचे बळ एकाच गोष्टीत आहे, ती आपसात भांडत नाहीत.

आणि येथेच रोमेरोने जुन्या झाँबीच्या कथेत मोठा बदल केला. त्याने मांत्रिक काढून टाकला, धनी काढून टाकला. १९५४ साली निघालेल्या रिचर्ड मॅथेसन यांच्या ‘आय ॲम लेजंड’ या कादंबरीचा धागा त्याने घेतला होता. तीत रोगाने पिशाच्च झालेल्या माणसांच्या जगात एकच माणूस उरतो. रोमेरोची प्रेते कुणाच्या हुकमाने चालत नाहीत. ती आपल्याच शेजारची, आपल्याच घरातली माणसे आहेत. ठार मारावा असा कुणी एक दुष्ट नसल्यामुळे, दोष कुणाच्या माथी मारावा हे कळत नाही. मग माणूस आरशात पाहू लागतो.

बेनचे काम केले ड्युएन जोन्स या नटाने. हा काळा माणूस होता आणि शिक्षकी पेशातला होता. पुढे न्यूयॉर्क राज्याच्या एका महाविद्यालयातल्या नाट्यगृहाचा तो संचालक झाला. संहितेत बेनचा वर्ण लिहिलेला नव्हता. चाचणीत जोन्सचे काम सर्वांत सरस झाले, म्हणून त्याला घेतले, असे रोमेरो सांगत असे. संपूर्ण बोलपटात बेनच्या रंगाचा उल्लेख कुणीही करीत नाही. पण ते दिवस कोणते होते? १९६४ आणि १९६५ साली अमेरिकेत नागरी हक्कांचे आणि मताधिकाराचे कायदे झाले होते, तरी १९६७ च्या उन्हाळ्यात न्यूअर्क आणि डेट्रॉइट शहरांत दंगली पेटल्या होत्या. अशा वेळी पडद्यावर एक काळा माणूस गोऱ्यांना धीर देतो, हुकूम सोडतो, प्रसंगी गोऱ्यावर हात उगारतो, हे पाहणे तेथील प्रेक्षकाला नवे होते.

आता शेवट ऐका. रात्र सरते. सकाळी शेरीफ, म्हणजे तिकडचा पोलीस अंमलदार, बंदुका आणि कुत्री घेतलेले गावकरी बरोबर घेऊन प्रेते टिपत येतो. आवाज ऐकून बेन तळघरातून वर येतो आणि खिडकीतून पाहतो. आता सुटका होणार! तोच बाहेरून नेम धरला जातो आणि त्याच्या कपाळात गोळी बसते. कुणी विचारीत नाही, तू जिवंत की मेलेला. मारणाऱ्याला शाबासकी मिळते. यानंतर वर्तमानपत्रात छापतात तशी ठिपक्याठिपक्यांची स्थिर छायाचित्रे एकामागून एक येतात. आकड्यांनी ओढलेले बेनचे शरीर, लाकडांचा ढीग आणि आग. अमेरिकेत काळ्या माणसांना जमावाने ठार मारून त्या प्रसंगाची छायाचित्रे काढण्याचा, इतकेच नव्हे तर टपालाच्या कार्डावर छापून विकण्याचा लाजिरवाणा इतिहास आहे. ज्यांना तो ठाऊक होता, त्यांना ही चित्रे नुसती भुताच्या बोलपटातली वाटली नसतील.

रोमेरोने पुढे अनेकदा एक आठवण सांगितली. बोलपट पुरा झाल्यावर त्याची प्रत मोटारीत घालून ते न्यूयॉर्कला विकायला निघाले होते. वाटेत मोटारीतल्या रेडिओवर बातमी आली की, मेंफिस शहरात मार्टिन ल्यूथर किंग यांची गोळी घालून हत्या झाली. तो दिवस ४ एप्रिल १९६८. हेच किंग १९५९ साली महात्माजींच्या देशाच्या यात्रेला म्हणून आले होते, मुंबईत मणिभवनात राहिले होते आणि परत जाताना ९ मार्चला त्यांनी आकाशवाणीवरून आपला निरोप घेतला होता. तो आवाज ऐकलेल्या श्रोत्यांनाही मेंफिसची बातमी रेडिओनेच दिली असेल.

बोलपट विकायला त्रास झाला. एका कंपनीने शेवट गोड करा, असे सुचविले. मंडळींनी ते ऐकले नाही. अखेर वॉल्टर रीड यांच्या संस्थेने तो घेतला आणि १ ऑक्टोबर १९६८ रोजी पिट्सबर्गच्या फुल्टन नाट्यगृहात त्याचा पहिला खेळ झाला. वयाप्रमाणे चित्रपटांना वर्ग लावण्याची पद्धत अमेरिकेत १ नोव्हेंबर १९६८ पासून सुरू झाली. म्हणजे हा बोलपट एक महिना आधी आला! दुपारच्या खेळाला पोरेसोरे नेहमीचा भुताचा खेळ समजून जाऊन बसली. रॉजर ईबर्ट या समीक्षकाने १९६९ च्या जानेवारीत लिहिले आहे की, थिएटरातली लहान मुले प्रथम हसतखेळत होती, मग गप्प झाली आणि शेवटी रडू लागली. हा दोष बोलपटाचा नव्हे. काय पाहायला पाठवतो आहोत हे न पाहणाऱ्या मोठ्या माणसांचा. आज प्रत्येक मुलाच्या हातात फोन आहे. तेव्हा ही गोष्ट पालकांनी आणि गुरुजींनी ध्यानात ठेवण्यासारखी आहे. हा बोलपट मोठ्यांनी पाहावा, लहानांना दाखवू नये.

आणखी एक हकीगत सांगितल्याशिवाय राहवत नाही. या बोलपटाचे पहिले नाव वेगळे होते. वितरकाने नाव बदलून नामावलीचे नवे चित्र बसविले, आणि जुन्या चित्रावर असलेली स्वामित्वहक्काची सूचना त्याबरोबर गळून पडली! अमेरिकेचा तेव्हाचा कायदा १९०९ सालचा. सूचना नाही तर हक्क नाही. त्यामुळे बोलपट सार्वजनिक मालकीचा ठरला. कुणीही उठावे, प्रती काढाव्यात, खेळ लावावेत. खर्चाच्या कितीतरी पट पैसा जमा झाला, पण करणाऱ्यांच्या पदरात त्यातला फार थोडा पडला. सातबाऱ्यावर नाव लागायचे राहून गेले, तर पिकविलेले शेत कसे जाते हे आपल्या शेतकऱ्यांना ठाऊक आहे. तसेच हे झाले. पण त्याच चुकीमुळे बोलपट गल्लोगल्ली, घरोघरी पोहोचला. रात्री उशिरा टेलिव्हिजनवर लागला, पुढे व्हिडिओवर आला, आज इंटरनेटवर फुकट पाहता येतो. पैसा बुडाला आणि नाव झाले.

१९९९ साली अमेरिकेच्या राष्ट्रीय चित्रपट नोंदवहीत त्याचा समावेश झाला. २०१६ साली न्यूयॉर्कच्या आधुनिक कलासंग्रहालयाने आणि फिल्म फाउंडेशनने मूळ फिल्मवरून त्याची स्वच्छ प्रत तयार केली. रोमेरो १६ जुलै २०१७ रोजी वारला. १९७८ च्या ‘डॉन ऑफ द डेड’ मध्ये त्याने हीच प्रेते एका बड्या बाजारसंकुलात फिरविली. मेल्यावरही माणसाची पावले खरेदीकडे वळतात, असे त्याला सांगायचे होते. त्याचा वारसा आपल्यापर्यंत आला आहे. २०१३ साली गोव्यात घडणारा हिंदी ‘गो गोवा गॉन’ आला. २०२२ साली आदित्य सरपोतदार यांचा मराठी ‘झोंबिवली’ आला. त्यात प्रेते डोंबिवलीत उठतात. एका बाजूला उंच इमारतींतली वस्ती, दुसऱ्या बाजूला झोपडपट्टी आणि मध्ये पाण्याचा प्रश्न. पिट्सबर्गच्या शेतघरातले भांडण डोंबिवलीच्या फाटकापाशी येऊन उभे राहिले!

श्रोतेहो, भूत खरे की खोटे, हा वाद येथे नाही. प्रेते उठत नाहीत, हे शाळेतले पोरसुद्धा सांगेल. पण बाहेर पूर आलेला असताना, रान पेटलेले असताना, साथ दाराशी आलेली असताना आत बसून “तू मोठा की मी मोठा” म्हणून भांडणारी माणसे आपण पाहिलेली आहेत. आणि न विचारता, न ओळखता, जमावाच्या भरात दुसऱ्याला भूत ठरवून त्याचा जीव घेणारी माणसेही दुर्दैवाने पाहिलेली आहेत. बेन रात्रभर प्रेतांशी झुंजून वाचला. सकाळी त्याला मारले ते जिवंत माणसांनी. पडक्या घरात, वर्गणीच्या पैशांत, चॉकलेटच्या रक्ताने केलेल्या या बोलपटाची भीती अर्धशतकानंतरही उतरत नाही, ती याच कारणाने. आपल्या भुतांवर निदान उतारा तरी आहे. या भुतावर एकच उतारा: गोळी झाडण्याआधी हाक मारावी, आणि बाहेरून हाक आली तर दार उघडावे.